शामोनीत डोंगरावर जाताय? आधी शेवटच्या लिफ्टची वेळ बघा

आम्ही जिनिव्हाजवळ राहतो, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरी पुण्या-नाशिकचे पाहुणे असतातच आणि प्रत्येकाला दोन-तीन दिवस शामोनीला जायचंच असतं. (फ्रान्समधलं, माँ ब्लाँ या बर्फाच्या शिखराच्या पायथ्याचं गाव. Chamonix असं लिहितात, पण उच्चार शामोनी, शेवटचा क्स म्हणत नाहीत, बसवाल्याला विचारताना उपयोगी पडेल.) यातले बरेचजण सह्याद्रीत भरपूर फिरलेले, हरिश्चंद्रगड, राजगड, कळसूबाई सगळं झालेलं, चढायला कोणी कमी पडत नाही. गडबड होते ती क्रमात. पहिल्याच दिवशी सगळ्यात उंच जागी जातात, सकाळी आरामात नाश्ता करून साडेदहाला निघतात, आणि परत कधी फिरायचं हे उजेडाकडे बघून ठरवतात. हे शेवटचं तर फारच महागात पडतं, कसं ते पुढे सांगते. म्हणून काय आधी, काय नंतर, ते सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

१. आधी दरी डोक्यात बसवा

नकाशा न बघता नुसती ठिकाणांची यादी घेऊन येणारे इथे हमखास गोंधळतात. शामोनी साधारण १,०३५ मीटरवर आहे, दरी ईशान्येकडून नैऋत्येकडे लांबट पसरलेली, मधून आर्व नदी वाहते. गावातल्या पुलावर पाणी ज्या दिशेला वाहतंय तिकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला माँ ब्लाँची रांग, उजव्या हाताला एग्वी रूजची रांग. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

डावी बाजू म्हणजे हिमनद्या, टोकदार सुळके, आणि तोंड वायव्येकडे, त्यामुळे ऊन उशिरा येतं आणि बर्फ घळींमध्ये जूनअखेरपर्यंतही पडून असतो. एग्वी द्यु मिदीचा रोपवे आणि मोंतांव्हेरची दातेरी रुळांची ट्रेन या बाजूच्या. उजवी बाजू उन्हाची, तिथला बर्फ लवकर वितळतो. ब्रेव्हाँची लिफ्ट (इथे लिफ्ट म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणारं वाहन) गावाच्या वरच्या अंगाने निघते आणि फ्लेजेरची लिफ्ट दोनेक किलोमीटरवरच्या ले प्रा नावाच्या वस्तीतून.

आता महत्त्वाचं, माँ ब्लाँ नीट बघायचा तर माँ ब्लाँच्या बाजूला जायचं नाही, समोरच्या एग्वी रूजवर जायचं. आपण तोरण्यावर उभे राहून राजगड बघतो ना, तसंच. लोक आख्खा दिवस डाव्या बाजूला घालवतात आणि संध्याकाळी विचारतात की तो मोठा पांढरा घुमट नक्की कुठला होता. फोटोवाल्यांसाठी सांगते, सकाळी ऊन माँ ब्लाँच्या मागून येतं त्यामुळे समोरून फोटो काळपट येतात, दुपारनंतर उजेड छान पडतो, पण दुपारनंतर ढग जमतात. फोटोसाठी वर थांबू नका, पायथ्याच्या गावातूनही संध्याकाळी शिखर गुलाबी होताना दिसतं.

थांबून तपासा: फ्लेजेर, ब्रेव्हाँ, एग्वी द्यु मिदी, मोंतांव्हेर ही चार नावं नकाशावर कुठल्या बाजूला आहेत हे न बघता सांगता आलं पाहिजे. नसेल येत तर पुढे जाऊ नका.

२. तारखा, व्हिसा, विमा

वरच्या पायवाटा चालण्याजोग्या होतात त्या साधारण जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. शाळेच्या सुट्ट्या म्हणून मे महिन्यात येणारे खूप असतात, मे मध्ये दरीतलं फिरणं होतं पण वरती बर्फ असतो आणि फ्लेजेर-ब्रेव्हाँसारख्या लिफ्ट बहुतेक बंद असतात. दोन हंगामांच्या मध्ये देखभालीसाठी लिफ्ट बंद ठेवतात, एग्वी द्यु मिदीसुद्धा साधारण नोव्हेंबरात काही आठवडे बंद असतो. म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी लिफ्ट कंपनीच्या साइटवर तारखा बघा, नंतर नाही. ऑगस्टचा शेवटचा आठवडा शक्यतो टाळा, तेव्हा माँ ब्लाँभोवतीची मोठी डोंगरी शर्यत असते आणि खोल्या मिळत नाहीत.

व्हिसाचं साधं आहे, शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. स्वित्झर्लंडला पाच रात्री आणि शामोनीला दोन असतील तर स्विस. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट लवकर संपतात म्हणून तीन महिने आधी बघायला लागा. जिनिव्हाहून शामोनीला येताना सीमा ओलांडता, दोन्ही शेंगेनमध्येच आहेत पण पासपोर्ट जवळ हवा, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून येऊ नका.

विम्यात लोक फक्त ३०,००० युरोचा आकडा बघतात कारण व्हिसाला तेवढाच लागतो. तुम्ही बारीक अक्षरं वाचा, हायकिंग कितव्या मीटरपर्यंत चालतं, डोंगरातून सुटका आणि हेलिकॉप्टर धरलंय का. फ्रान्सच्या बाजूला डोंगरातली सरकारी सुटका सहसा मोफत असते, पण पुढचं हॉस्पिटलचं बिल मोफत नसतं, आणि वाट स्वित्झर्लंडमध्ये शिरली तर हेलिकॉप्टरचंही बिल येतं.

३. घरची तयारी: चढण्यापेक्षा उतरण्याची

सहा आठवडे आधी सुरू करा. आठवड्यातून तीन दिवस जिने, आणि शनिवार-रविवारी एक मोठी चाल. पुण्यातल्यांनी आतकरवाडीकडून सिंहगड करावा, पण उतरताना जीप घेऊ नका, पायीच उतरा. शामोनीत मांड्या आणि गुडघे जातात ते उतारावर, इथल्या वाटा लिफ्टपासून लिफ्टपर्यंत असल्या तरी सलग चारशे-पाचशे मीटर उतरावं लागतंच.

बूट नवीन घेणार असाल तर त्याच सहा आठवड्यांत वापरून रुळवा. बूट घोट्याच्या वरपर्यंत असले तर उत्तम, नसले तर निदान तळ खोल खाचांचा हवा. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा आणि दुकानात उतरत्या फळीवर उभं राहून बघा, अंगठा पुढे टेकला तर तो बूट तुमचा नाही. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा, याकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि मग उतरताना नख काळं पडतं.

लेस बांधायची एक पद्धत शिकून ठेवा. चढताना घोट्यापाशी थोडी सैल. उतरायच्या आधी थांबायचं, टाच जमिनीवर दोनदा आपटून बुटात मागे सरकवायची, मग पावलाच्या वाकणाशी लेसला एकाऐवजी दोन पीळ देऊन घट्ट ओढायचं आणि तिथून वर नेहमीसारखं बांधायचं. त्या दुहेरी पिळाने टाच जागच्या जागी राहते आणि पाऊल पुढे घसरत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण माझ्या आईच्या नखांचा प्रश्न एवढ्यानेच सुटला.

ज्यांना हृदयाचा, दम्याचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांनी एग्वी द्यु मिदीवर, म्हणजे ३,८४२ मीटरवर, जायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. तीन वर्षांखालच्या बाळांना तिथे नेऊच देत नाहीत आणि पाचच्या आतल्या मुलांना नेऊ नका असंच सांगतात.

४. पाठीवरची सॅक

गावात जुलैच्या दुपारी टीशर्टवर लोक आइस्क्रीम खात असतात, ते बघून स्वेटर खोलीवर ठेवू नका. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गावात २४ असेल तर फ्लेजेरच्या वरच्या लाक ब्लाँ तळ्यापाशी पंधराच्या आसपास, आणि एग्वी द्यु मिदीवर पाच-सहाच्या आसपास, वर वारा वेगळाच.

अंगावर सुती बनियन आणि जीन्स नको, घाम सुकत नाही आणि गारठायला होतं. लवकर सुकणारा टीशर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. आपला पावसाळी पोंचो इथे आणू नका, वाऱ्यात तो तोंडावर येतो आणि पाय कुठे पडतोय दिसत नाही. सह्याद्रीत भिजत चालायची सवय असते, इथला पाऊस मात्र गार असतो आणि वीस मिनिटांत बोटं बधिर होतात. टोपी, पातळ हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन, दीड ते दोन लिटर पाणी, हेडलाइट (हो, दिवसाच्या चालीलासुद्धा), शिट्टी, क्रेप बँडेज. काठ्या दोन घ्या, सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उतारावर पाच-दहा सेंटिमीटर वाढवायची.

कागदी नकाशा घ्याच, आयजीएन या फ्रेंच नकाशा संस्थेचा ३६३० ओटी, १:२५,००० मापाचा, गावातल्या पुस्तकांच्या दुकानात मिळतो. मोबाईलवर ऑफलाइन नकाशाही ठेवा पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

खाणं भारतातून आणायचं तर थेपले, चिवडा, चिक्की, खजूर छान. पेढे, पनीर, तूप असले दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, ते कस्टममध्ये जातील. बाकी गावात ब्रेड-फळं-चीज मिळतं, फक्त रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा. नळाचं पाणी पिण्याचं असतं. चौकातल्या कारंज्यावर 'नों पोताब्ल' लिहिलेलं असेल तर ते पिऊ नका, आणि वरती मेंढ्या चरतात म्हणून ओढ्याचं पाणी तसंच पिऊ नका.

५. पहिला दिवस खालीच काढायचा

लोकांना हे पटत नाही, दोनच दिवस आहेत तर वाया का घालवायचा म्हणतात. वाया जात नाही. रात्रभर विमानात बसून आलेलं शरीर दुसऱ्या दिवशी थेट ३,८४२ मीटरवर नेलं की डोकं दुखतं, मळमळतं, आणि मग पुढचा दिवसही हॉटेलात जातो.

पहिल्या दिवशी या क्रमाने करा. हॉटेलवाल्याकडून पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या, कार्त दोत म्हणतात, त्यावर दरीतला स्थानिक प्रवास कुठे कुठे चालतो ते तिथेच विचारा. मग चर्चशेजारच्या मेझों द ला माँतान्य या इमारतीत जा, तिथे डोंगरी माहितीचं केंद्र आहे, वाटेवर बर्फ आहे का, कुठली वाट बंद आहे, ते सांगतात, इंग्रजी चालतं. ठरवलेली वाट नकाशावर बोट ठेवून दाखवा आणि 'आज इथे बर्फ आहे का' एवढंच विचारा. इंटरनेटवरच्या फोटोंवर अवलंबून राहू नका, ते कुठल्या महिन्यातले असतात कोणाला माहीत.

संध्याकाळी प्ती बाल्काँ स्यूदवर दोन तास चाला. ही एग्वी रूजच्या पोटातून जाणारी जंगलातली वाट, बरीचशी आडवी, अधूनमधून झाडांतून समोर हिमनदी दिसते. वर फ्लोरिया नावाचं फुलांनी भरलेलं लाकडी घर आहे, १,३३७ मीटरवर, तिथपर्यंतचा चढ म्हणजे उद्याची चाचणी. पिवळ्या पाट्यांवर लिहिलेली वेळ आणि तुम्हाला लागलेली वेळ दोन्ही लिहून ठेवा. पाटीवरची वेळ थांबे न धरता असते. आमच्या बहुतेक पाहुण्यांना दीडपट लागते, आणि तो दीडचा आकडाच पुढच्या पायरीत लागणार आहे.

सावध: फ्लोरियापर्यंत दुप्पट वेळ लागला किंवा गुडघा बोलायला लागला तर लाक ब्लाँ उद्या नको. उद्या ब्रेव्हाँच्या लिफ्टने प्लाँप्राजला, म्हणजे २,००० मीटरवर, जाऊन बसा, तिथूनही माँ ब्लाँ समोरच दिसतो.

६. आदल्या रात्रीचा उलटा हिशोब

दोन वर्षांपूर्वी माझे मामा-मामी आले होते. मामा बासष्टचे, तरुणपणी सह्याद्री पिंजून काढलेले. लाक ब्लाँहून परतताना मी दोनदा म्हटलं, मामा निघूया, आणि ते म्हणाले, "अगं, उजेड आहे की भरपूर, घाई कशाला." खरंच होता, जूनअखेरीस इथे सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. आपल्याकडे सातला अंधार पडतो म्हणून आपलं शरीर उजेडावर घड्याळ लावतं. आम्ही फ्लेजेरला पोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं आणि लिफ्टचं दार बंद होतं, केबिन तारेवर स्थिर लटकत होत्या. फ्लेजेर १,८७७ मीटर, ले प्रा १,०६० मीटर, आठशे मीटरचा उतार, जंगलातली नागमोडी वाट. नेहमी दोन तास लागतात, आम्हाला साडेतीन लागले. मामी प्रत्येक वळणावर काठी रोवून आडव्या पावलांनी उतरत होत्या, मामा काही बोलत नव्हते. चूक माझीच, मला वेळ माहीत होती आणि मी आग्रह धरला नाही. दुसऱ्या दिवसाचं आगाऊ काढलेलं एग्वी द्यु मिदीचं तिकीट तसंच राहिलं, मामींचा गुडघा सुजला होता.

तेव्हापासून आमच्याकडे आदल्या रात्री कागदावर हिशोब होतो, आणि तो शेवटाकडून सुरू होतो. शेवटची लिफ्ट किती वाजता हे स्टेशनवरच्या फलकावर बघायचं, 'दर्निएर देसाँत' म्हणजे शेवटची उतरणारी. ही वेळ महिन्यानुसार बदलते, गेल्या वर्षीची धरू नका. समजा पाच वाजता आहे. पण पाच ही तुमची वेळ नव्हे, कारण उन्हाळ्यात विजांचं वादळ बहुतेक दुपारनंतर येतं. म्हणून परत फ्लेजेरला तीन वाजता पोचायचं असं धरा. लाक ब्लाँहून फ्लेजेर पाटीवर सव्वा ते दीड तास, दीडपट करून दोन तास, म्हणजे तळ्यावरून एक वाजता निघायचं. तळ्यावर एक तास, म्हणजे बाराला पोचायचं. चढायला पाटीवर पावणेदोन तास, आपले अडीच, म्हणजे फ्लेजेरहून साडेनऊला चालायला लागायचं. लिफ्टची रांग धरून ले प्राला पावणेनऊ, हॉटेलातून सव्वाआठ. नाश्ता सातला.

एक वेळ अजून लिहा, मागे फिरायची. इथे ती बारा-वीस. बारा-वीसला तळं दिसलं नसलं तरी परत फिरायचं, आणि हे घरातल्या सगळ्यांना रात्रीच सांगून ठेवायचं, वर गेल्यावर वाद होतात.

हवामानाचा फलक फ्रेंचमध्ये असतो, चार शब्द पुरतात. ओराज म्हणजे विजांचं वादळ, व्हाँ म्हणजे वारा, ब्रुयार म्हणजे धुकं, आणि इझोतेर्म झेरो म्हणजे कितव्या मीटरवर शून्य अंश आहे ते. सकाळसाठी ओराज लिहिलं असेल तर जायचंच नाही. दुपारसाठी लिहिलं असेल तर सगळा हिशोब दोन तास मागे ओढायचा, आणि लिफ्ट तितक्या लवकर सुरू होत नसेल तर तो दिवस सोडून द्यायचा. दारावर 'ऊव्हेर' म्हणजे चालू, 'फेर्मे' म्हणजे बंद.

७. लाक ब्लाँचा दिवस

फ्लेजेरला उतरल्यावर समोर दोन पर्याय असतात, चालत जायचं किंवा अजून एक लिफ्ट घेऊन इंदेक्सपर्यंत, साधारण २,४०० मीटरवर, जाऊन तिथून आडवं जायचं. इंदेक्सची वाट कमी चढाची म्हणून सगळे तिकडे ओढले जातात, पण तिथे हंगामाच्या सुरुवातीला तिरक्या उतारावर बर्फाचे पट्टे असतात. जुलैच्या मध्यापर्यंत तरी फ्लेजेरहूनच चाला, नंतर माहितीकेंद्राने हो म्हटलं तर इंदेक्स.

फ्लेजेरहून वाट आधी थोडी रुंद, मग दगडी टप्पे. लाक ब्लाँ २,३५२ मीटर, म्हणजे पावणेपाचशे मीटर चढ. उंची ऐकून घाबरू नका आणि सोपंही समजू नका, आपली कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तुम्ही लिफ्टमधून उतरता तेव्हाच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दोनशे मीटर वर असता, दम लवकर लागतो. पहिली वीस मिनिटं इतकी हळू चाला की बोलता आलं पाहिजे. दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं थांबा, घाम यायच्या आधी फ्लीस काढा, थांबलात की लगेच घाला.

बर्फाचा पट्टा आडवा आला तर आधी खाली बघा. घसरलो तर कुठे जाऊन थांबू? खाली सपाट गवत असेल, पावलांच्या खोल खुणा असतील, तर एकेकाने काठी रोवत जायचं. खाली दगड किंवा कडा असेल तर परत फिरायचं, दुसरा पर्याय नाही.

तळ्यावर पोचलात की समोर माँ ब्लाँची आख्खी रांग असते आणि वारा नसेल तर ती पाण्यात उलटी दिसते. जूनमध्ये मात्र तळं बरेचदा गोठलेलंच असतं, ते ऐकून या. हे सगळं राखीव क्षेत्र आहे, पोहायचं नाही, फुलं तोडायची नाहीत, कुत्रा आणायचा नाही. शेजारी रेफ्युज म्हणजे डोंगरातलं निवासघर आहे, चहा-सूप मिळतं, रोख पैसे ठेवा. रानबोकड जवळ येतात, त्यांना चिवडा घालू नका.

उतरायच्या आधी लेस पुन्हा बांधा. आल्या वाटेनेच उतरा. शेझेरीच्या तळ्यांकडून जाणारी वाट सुंदर आहे पण तिथे छोट्या लोखंडी शिड्या आहेत, आणि त्याहून पुढे त्रे-ल-शाँकडे उतरणाऱ्या वाटेवर तर कड्यावर उभ्या शिड्या आहेत. कळसूबाईच्या शिड्या केल्यात म्हणून इथे जाऊ नका, तिथे कठडे आहेत, इथे खाली मोकळं आहे. ज्यांना शिड्या करायच्याच आहेत त्यांनी त्या चढताना कराव्यात, उतरताना नाही, आणि ओल्या असताना तर अजिबात नाही.

८. एग्वी द्यु मिदी आणि उत्तरेची बाल्कनी, एकाच दिवसात

क्रम असा, आधी सगळ्यात वर, मग मधे उतरून आडवं चालायचं, मग ट्रेनने खाली. उलट केलंत तर दुपारी ढगात पोचाल आणि रांगही मोठी असेल.

तिकिटासोबत वर जायची वेळ आरक्षित करा, सकाळची जितकी लवकर मिळेल तितकी. रोपवे दोन टप्प्यांत जातो, मधलं स्टेशन प्लाँ द लेग्वी साधारण २,३१७ मीटर, वरचं ३,८४२. वर पोचल्यावर धावायचं नाही, जिने हळू चढायचे, पाणी प्यायचं. तास-सव्वा तास पुरे. डोकं जड वाटलं, उलटीसारखं झालं तर गोळी घेऊन थांबू नका, खाली जा, उतरलं की बरं वाटतं. गर्दीच्या दिवसांत परतीचाही नंबर घ्यावा लागतो, तो वर पोचल्या पोचल्याच घ्या.

सावध: वर बर्फातल्या बोगद्यातून एक दार बाहेरच्या धारेवर उघडतं. दोरी, क्रँपॉन (बुटाला लावायचे लोखंडी काटे) आणि माहितगार असलेल्या गिर्यारोहकांसाठी आहे ते. 'दोन पावलं बाहेर जाऊन फोटो' यासाठी तिथे जाऊ नका, दोन्ही बाजूंना उतार आहे.

येताना मधल्या स्टेशनवर उतरा. इथून मोंतांव्हेरपर्यंत, म्हणजे १,९१३ मीटरपर्यंत, ग्राँ बाल्काँ नॉर नावाची वाट जाते, पाटीवर दोन-अडीच तास, आपले साडेतीन धरा. उजवीकडे सुळके, डावीकडे खाली शामोनीची खेळण्यासारखी घरं. ही सावलीची बाजू, जूनमध्ये घळींत बर्फ असतो, चौकशी करूनच निघा. मोंतांव्हेरच्या अलीकडे वाट फुटते, वरची सिग्नालकडे जाते, खालची सरळ मोंतांव्हेरला. सिग्नालवरून मेर द ग्लास हिमनदीचं वळण आणि समोरचा द्रू सुळका एकदम समोर येतो, दम असेल तर वरची घ्या, पण तिथून उतरताना दगडी पायऱ्या उंच आहेत, गुडघेवाल्यांनी खालचीच घ्यावी.

मोंतांव्हेरला पोचल्यावर पहिलं काम शेवटच्या ट्रेनची वेळ आणि रांग बघायची, मग चहा. हिमनदीतली बर्फाची गुहा बघायची तर अजून दीड-दोन तास लागतात, हिमनदी आटत चालल्याने जुन्या गुहेपर्यंतच्या पायऱ्या २०२३ पर्यंत दरवर्षी वाढत गेल्या होत्या. चालून थकला असाल तर वरूनच बघा.

थांबून तपासा: तिकीट काढताना 'वर रोपवेने, खाली मोंतांव्हेरच्या ट्रेनने' असं खिडकीवर स्पष्ट सांगितलं का? साधं जाऊन-येऊन तिकीट ट्रेनला चालत नाही. दोन दिवस लिफ्ट वापरणार असाल तर मल्टिपास (अनेक लिफ्टना चालणारा पास) काय भावाने पडतो ते विचारा.

९. वीज, धुकं, मुरगळलेला पाय

समोरच्या शिखरांवर कोबीसारखे ढग फुगायला लागले की परत फिरायची वेळ झाली. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. धार, शिड्या, तारा, तळ्याचा काठ, एकटं झाड यांपासून लांब जा. काठ्या बाजूला ठेवा, सॅकवर पाय जुळवून उकिडवे बसा, एकमेकांपासून अंतर ठेवा.

धुक्यात वाट दिसेनाशी झाली तर शेवटची पाटी किंवा लाल-पांढरी खूण जिथे दिसली तिथे परत या. सरळ खाली उतरून गाव गाठू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, खाली कातळकडे आहेत.

कोणी पडलं तर ११२, हा नंबर फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली तिन्हीकडे चालतो. नाव, काय झालं, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, उंची, वारा आणि ढग किती, एवढं सांगा आणि फोन मोकळा ठेवा. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर म्हणजे 'हो, मदत हवी'. एक हात वर एक खाली म्हणजे 'नको'. म्हणून नुसती गंमत म्हणून हेलिकॉप्टरला दोन्ही हात हलवू नका. टोपी, जॅकेट, सगळं सुटं सामान दाबून धरा आणि ते बोलावतील तेव्हाच जवळ जा.

१०. खाली आल्यावर

लगेच बसून राहू नका, दहा मिनिटं सपाटीवर चाला आणि पोटऱ्या ताणा. गुडघा दुखत असेल तर थंड पाण्यात, आर्वच्या पाण्याजवळ मात्र जाऊ नका, प्रवाह जोरात असतो आणि ते हिमनदीचं पाणी आहे, हॉटेलचा नळ बरा. ओले बूट हीटरवर ठेवले तर तळ उकलतो. आतलं तळवं काढून वेगळं वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा, तासाभराने ते ओले बोळे काढून कोरडे भरा, झोपायच्या आधी अजून एकदा. सकाळी सातपर्यंत बूट घालण्याजोगे होतात.